नर्सबाईंचे पान : इंजिनाचा ताप कसा उतरवतात?



ह्या पानावर आजवर रक्तदाब, साखर, गुडघे आणि मोतीबिंदू ह्यांच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. ह्या खेपेचा रोगी जरा निराळा आहे. तो लोखंडाचा आहे, त्याला आठ सिलिंडर आहेत, आणि त्याला ताप आपण होऊन येत नाही, हौसेने आणावा लागतो. माझा थोरला नातू ड्रॅग रेसिंगच्या नादाला लागला आहे. आपल्यातल्या आणखी दोन-तीन घरांतली मुलंही त्याच्याबरोबर जातात. त्यांच्या आज्यांनी मला फोन करून विचारलं, "सिस्टर, ही पोरं गराजमध्ये बर्फाच्या थैल्या कशाला नेतात हो? पार्टीबिर्टी तर नाही ना चालली?"

पार्टी नाही. तो बर्फ मोटारीच्या इंजिनासाठी असतो. नातवाला बसवून मी सगळं विचारून घेतलं, तेव्हा कळलं की ह्यात आम्हा नर्सांच्या कामातलं पुष्कळ आहे. म्हणून आज थोरांना आणि मुलांना, दोघांनाही समजेल असं सांगते.

शर्यत कसली?

दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात. पुढे सरळ पट्टी, पाव मैलाची, म्हणजे १३२० फुटांची, साधारण ४०२ मीटर. मध्ये एका खांबावर पिवळे दिवे लागतात आणि मग हिरवा. हिरवा लागला की सुटायचं. वळण नाही, फेरी नाही, दहा-बारा सेकंदांत खेळ खलास. आपल्यातल्या जुन्या मंडळींनी अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती पाहिल्या असतील. पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नरकडे बैलगाड्याचा घाट असतो, तिथेही धाव सरळ आणि निकाल सेकंदांवर. ही त्यातलीच जात, फक्त बैल पेट्रोल पितात.

आपल्या भागाला हे नवीन नाही बरं का. नेपरव्हिलच्या शेजारी ऑस्वेगोला १९५५ पासून १९७९ पर्यंत ड्रॅग रेसिंगची पट्टी होती. जोलिएटला 'रूट ६६ रेसवे' १९९८ मध्ये उघडला. नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, जी १९५१ साली स्थापन झाली, तिच्या मोठ्या शर्यती तिथे होत. २०२० पासून त्यांत खंड पडला आणि २०२३ मध्ये त्या पुन्हा भरल्या. आपल्या महाराष्ट्रातही २०१० नंतरच्या दशकात लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर 'व्हॅली रन' नावाने अशा शर्यती झाल्या आहेत.

माझा नातू धावतो तो वर्ग 'ब्रॅकेट रेसिंग'चा. ह्यात आपण किती सेकंदांत पोचणार ते आधीच काचेवर लिहायचं असतं, समजा १२.५०. सावकाश गाडीला तेवढं आधी सोडतात. लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात तर शाबासकी नाही, बहुधा हार पदरात पडते. म्हणजे परीक्षा नुसत्या वेगाची नाही, सारखेपणाची आहे. सकाळच्या गारव्यात, दुपारच्या उन्हात आणि रात्री दिव्यांखाली, दर खेपेला गाडीने तोच वेळ द्यायला हवा. हा सारखेपणा मोडणारी पहिली गोष्ट म्हणजे उष्णता.

इंजिनाला ताप का येतो

पेट्रोल जळल्यावर जी ऊर्जा निघते तिच्यातला साधारण एक तृतीयांश भाग गाडी पळवायला लागतो. तेवढाच भाग धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेला इंजिनाच्या अंगात मुरतो. तो बाहेर काढायला इंजिनाच्या पोटातून पाणी खेळवलेलं असतं. त्यालाच कुलंट म्हणतात. मुलांनो, आपलं शरीर डोळ्यांसमोर आणा. पंप म्हणजे हृदय, रबरी नळ्या म्हणजे रक्तवाहिन्या, पुढची रेडिएटरची जाळी म्हणजे आपली कातडी, आणि थर्मोस्टॅट म्हणजे मेंदूतलं तापमानाचं केंद्र. आपल्याला ३७ अंश बरे वाटतात, तसे रोजच्या मोटारीला साधारण ९० अंश सेल्सियस, म्हणजे १९५ फॅरनहाइट मानवतात.

शर्यतीत घोटाळा होतो तो धाव संपल्यावर. इंजिन बंद केलं की पंप थांबतो, पाणी थांबतं, आणि पोटातली उष्णता वर वर चढते. हवा आत घेणारं लोखंड चांगलंच तापतं. पुढच्या धावेला तीच तापलेली वाट चालून हवा आत जाते. तापलेली हवा पसरते, विरळ होते. हिशेब सोपा आहे. ३० अंशांच्या हवेत जिथे प्राणवायूचे १०० कण मावतात, तिथे ६० अंशांच्या हवेत ९१च मावतात. जणू इंजिनाला धाप लागते. शिवाय फार तापलेल्या इंजिनात पेट्रोल ठिणगी पडायच्या आधीच किंवा भलत्या ठिकाणी पेटतं, खटखट आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. ते चालूच राहिलं तर पिस्टन फुटतो.

तीन तऱ्हेचे चिलर

पहिली तऱ्हा नातवाची, गरिबाची. पिटमध्ये गाडी आणली की विजेवर चालणारा पंप आणि पंखा चालूच ठेवायचा. इंजिनाच्या पाण्याच्या दोन नळ्या एका पेटीला जोडायच्या. पेटीत बर्फाचं पाणी आणि त्यात धातूच्या नळीचं वेटोळं. इंजिनाचं गरम पाणी वेटोळ्यातून फिरतं, गार होऊन परत जातं. ऐपत असेल तर बर्फाऐवजी फ्रिजसारखं यंत्र जनरेटरवर चालवतात. काट्यावर आपण ठरवलेला आकडा आला की नळ्या सोडवायच्या आणि रांगेत जायचं.

हे पाहून मला ऑपरेशन थिएटर आठवलं. हृदय उघडायचं असतं तेव्हा हार्ट-लंग मशीनला हीटर-कूलर जोडतात. त्यातलं थंड पाणी एका बाजूने फिरतं, रक्त दुसऱ्या बाजूने, मधल्या पातळ पडद्यातून उष्णता तेवढी ओलांडते. पाणी रक्ताला शिवत नाही. नातवाला म्हटलं, "तुझी पेटी आमच्याकडे केव्हाच होती रे." तो म्हणाला, "आजी, पण तुमच्या पेशंटला बारा सेकंदांत पळायचं नसायचं."

दुसरी तऱ्हा टर्बो किंवा सुपरचार्जर असलेल्या गाड्यांची. ही यंत्रं हवा दाबून इंजिनात कोंबतात. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप तापतो ना, तशी ही हवाही दाबल्याने तापते. म्हणून तिला इंजिनात जाण्याआधी पाण्याने गार करतात. काही हौशी लोक त्या पाण्याची टाकी डिकीत बसवतात आणि धावेच्या आधी तीत बर्फ ओततात. इथे इंजिन गार करायचं नसतं, इंजिनाचा श्वास गार करायचा असतो.

तिसरी तऱ्हा २०१८च्या डॉज चॅलेंजर डीमन ह्या गाडीत कंपनीनेच बसवून दिली. गाडीतला एसी एरवी माणसांना गारवा देतो. शर्यतीच्या वेळी त्याचा थंडावा माणसांकडून काढून सुपरचार्जरच्या पाण्याकडे वळवतात. ड्रायव्हरने घामाघूम व्हावं, इंजिनाने गार राहावं! इंजिन बंद केल्यावरही तिचा पंप आणि पंखा काही वेळ चालू राहतो.

आणि एक गंमत. सर्वांत जोरदार 'टॉप फ्युएल' गाड्यांना, ज्या ताशी ३३० मैलांच्या वर जातात, इंजिनात पाणीच नसतं. त्यांची धाव २००८ पासून १००० फुटांची आहे आणि चार सेकंदांच्या आत संपते. त्यांचं इंधन नायट्रोमिथेन, ते इतकं ओततात की त्याची वाफ होतानाच इंजिनाची उष्णता शोषली जाते. इंजेक्शनच्या आधी मी दंडाला स्पिरिटचा बोळा लावायची तेव्हा कसं गार वाटायचं? किंवा आपल्या घरचा माठ आठवा. पाणी पाझरून उडतं आणि आतलं पाणी थंड होतं. तोच कायदा.

बर्फ किती लागतो

मुलांनो, आता गणित. एक किलो बर्फ नुसता वितळायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेने एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. बर्फाची ताकद त्याच्या गारपणात कमी आणि वितळण्यात जास्त आहे.

समजा इंजिनात १० लिटर पाणी आहे आणि ते ९० वरून ५० अंशांवर आणायचं आहे. त्यासाठी ४०० किलोकॅलरी काढाव्या लागतील. पण अडीचशे किलो लोखंडही तेवढंच तापलेलं आहे, त्याच्या आणखी साधारण ११००. एकूण १५००. एक किलो बर्फ वितळून ५० अंशांपर्यंत तापेपर्यंत १३० शोषतो. म्हणजे साडेअकरा किलो बर्फ लागेल, तोही सगळं अगदी आदर्श असेल तर. आता कळलं पोरं वीस-वीस पौंडांच्या दोन थैल्या का उचलतात ते?

सगळंच गार नको

हा मुद्दा नीट वाचा. नातवाने पहिल्यांदा उत्साहात विचारलं होतं, इंजिन अगदी बर्फासारखं केलं तर आणखी पळेल का? त्याच्या उस्तादाने सांगितलं, नाही. तेल गार झालं की घट्ट होतं आणि फिरणाऱ्या भागांना जड जातं, म्हणून तेल गरम हवं. फार थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही. पिस्टन आणि सिलिंडर ठरलेल्या गरमीला एकमेकांत चपखल बसतात, त्याखाली ते झिजतात. आणि तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतलं तर लोखंडाला तडा जाऊ शकतो. म्हणून पाणी फिरवत फिरवत, सावकाश खाली आणायचं. येणारी हवा गार, तेल गरम, पाणी मधल्या आकड्यावर, आणि तो आकडा दर धावेला तोच. आजच्या विजेच्या गाड्यांतही बॅटरी आणि मोटर शर्यतीआधी योग्य तापमानाला आणून ठेवतात.

माणसाचंही तसंच आहे. ताप आलेल्या मुलाला बर्फाच्या पाण्याने पुसलं तर त्याला हुडहुडी भरते, आणि कुडकुडण्यानेच अंगात आणखी उष्णता तयार होते. म्हणून पुसायचंच असेल तर कोमट पाण्याने. पूर्वी काही ठिकाणी मुलांना स्पिरिटने पुसत. ते आता अजिबात करायचं नाही, स्पिरिट कातडीतून आणि श्वासातून आत जातं आणि विषबाधा होते. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रोग्यांना २००२ च्या अभ्यासांनंतर ३२ ते ३४ अंशांपर्यंत थंड करू लागले होते. २०२१ मध्ये एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ३३ अंशांवर नेल्याने जास्त माणसं वाचत नाहीत, ताप चढू न देण्यावर लक्ष ठेवावं. जास्त गार म्हणजे जास्त चांगलं असं नाही, हे डॉक्टरांनाही शिकावं लागलं.

पंखा पुरत नाही तेव्हा

आता आपल्या थोरांसाठी. नातवाला मी विचारलं, रेडिएटर आहे, पंखा आहे, मग बर्फ हवाच कशाला? तो म्हणाला, "आजी, पंखा पाण्याला बाहेरच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. हवा ९५ अंश फॅरनहाइट असेल तर पाणी त्याच्या खाली जाणारच नाही."

हे वाक्य फ्रिजवर लावून ठेवा. जुलै १९९५ मध्ये शिकागोच्या उन्हाच्या लाटेत सातशेहून अधिक माणसं गेली. त्यांत पुष्कळ वृद्ध होते, एकटे राहणारे, खिडक्या बंद करून बसलेले. खोलीतली हवाच अंगापेक्षा गरम झाली की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. आपलं शरीर घामाने थोडं निभावतं, पण म्हातारपणी घाम कमी येतो, आणि आपल्यातले कितीतरी लोक लघवीच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. तेव्हा विजेचं बिल वाढतं म्हणून एसी बंद ठेवू नका. घरी एसी नसेल तर दिवसाचे काही तास वाचनालयात किंवा मॉलमध्ये जाऊन बसा. शेजारच्या एकट्या माणसाला दिवसातून दोनदा फोन करा. कोणी उन्हाने बरळायला लागलं, बेशुद्ध पडलं, तर ९११ ला फोन करा आणि मदत येईपर्यंत थंड पाणी अंगावर घाला, ओले टॉवेल लावा. उष्माघातात मात्र लवकर आणि भरपूर गार करणं हाच उपाय आहे.

गराजमध्ये जाणाऱ्यांनी पाळायच्या गोष्टी

एक. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या फियाट तुम्हाला आठवत असतील. आतलं पाणी दाबाखाली असतं, प्रेशर कुकरसारखं, म्हणून ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि पाण्याची क्षणात वाफ होते. रात्रपाळीला माझ्याकडे असा एक तरुण आला होता, चेहरा, मान आणि दोन्ही हात भाजलेले. हायवेवर गाडी थांबवून त्याने रुमालाने झाकण फिरवलं होतं. त्याचे डोळे वाचले ते चष्म्यामुळे. तेव्हा निदान अर्धा-पाऊण तास थांबा, वरची नळी हाताला गार लागल्याशिवाय झाकणाला हात नको.

दोन. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ लावू नका, आधीच दुखावलेल्या कातडीला बर्फाने आणखी इजा होते. लोणी, टूथपेस्ट, हळद काही नको.

तीन. रोजच्या मोटारीच्या कुलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि फार विषारी असतं. मुलं आणि कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि मूत्रपिंडं निकामी होतात. सांडलं तर लगेच पुसा, सोड्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. कोणी प्यालं अशी नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता पॉयझन हेल्पलाइनला फोन करा, १-८००-२२२-१२२२. त्यावर औषध आहे, पण ते लवकर द्यावं लागतं. शर्यतीच्या गाड्यांत बहुधा साधं पाणीच घालतात, कारण ग्लायकॉल पट्टीवर सांडलं तर मागून येणारी गाडी घसरते.

चार. काही मुलं कोरडा बर्फ आणतात. तो उणे ७८ अंशांचा असतो, उघड्या हाताने धरला तर कातडी जळल्यासारखी होते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला तर त्याच्या वायूने डबा फुटतो. गाडीत काचा बंद करून नेला तर श्वास कोंडतो.

पाच. शर्यत पट्टीवरच. तिथे हेल्मेट, कठडे आणि अँब्युलन्स असते. रूट ५९ वर नसते. इलिनॉयमध्ये रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे आणि त्यात लायसन्स जातं. नातवाला मी स्पष्ट सांगितलं आहे, बर्फाचे पैसे मी देईन, पण रस्त्यावर एकदा जरी पळवलीस तर माझ्या ताटाला बसायचं नाही.

मुलांसाठी प्रयोग

दोन सारखे पेले घ्या. प्रत्येकात २०० ग्रॅम कोमट पाणी घाला, साधारण ४० अंशांचं. एका पेल्यात ५० ग्रॅम बर्फासारखं थंड पाणी घाला, पण बर्फाचा खडा नको. दुसऱ्यात ५० ग्रॅम बर्फ घाला. ढवळून बर्फ पुरा वितळू द्या आणि स्वयंपाकाच्या थर्मामीटरने दोन्ही मोजा. पहिल्यात ३२ च्या आसपास यायला हवं, दुसऱ्यात १६ च्या आसपास. तुमचा आकडा थोडा वेगळा आला तर का आला, ते आजी-आजोबांना समजावून सांगा आणि मला लिहून पाठवा. चांगली उत्तरं इथे छापू.

पुढच्या अंकात, हिवाळ्यात अंगणातल्या बर्फावरून घसरून मोडणारी मनगटं आणि खुबे. तोवर तब्येतीला जपा, पाणी पीत राहा.

आपली,
सिस्टर, नेपरव्हिल